मावशींची व्याख्यानमाला

डिसेंबरात धानाची मळणी आटोपत आली की आमच्या विधी महाविद्यालयात न्यायमूर्तींच्या स्मरणार्थ व्याख्यानमाला होते. तीन दिवस, तीन पाहुणे, तीन विषय. भंडाऱ्यासारख्या गावात हायकोर्टाचे आजी-माजी न्यायाधीश दरवर्षी येऊन बोलतात, याचं आम्हाला मोठं अप्रूप. या मालेची संयोजक मी, आणि पहिल्या वर्षापासून मीच. पूर्वी हे सांगताना माझा आवाज आपोआप चढायचा. आता कुणी विषय काढला तर मी चहा मागवते.

न्यायमूर्ती आमच्याच जिल्ह्यातले. कोंढ्याच्या पलीकडच्या एका खेड्यात जन्मले, धानाच्या बांध्या तुडवत शाळेत गेले, नागपूरला शिकले आणि तिथल्याच खंडपीठातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर ते एकदा आमच्या कॉलेजात आले होते. प्राचार्यांनी व्यासपीठ सजवून ठेवलं होतं, पण हे सरळ वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, तुमचा तास चालू द्या. मी दिवाणी प्रक्रिया संहिता शिकवते. त्या दिवशी माझ्या हातातला खडू दोनदा मोडला. तास संपल्यावर त्यांनी मुलांशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि हार न घेताच गेले. पुढे दोन वर्षांनी ते वारले. मला त्यांच्याबद्दल जे वाटतं ते भक्तीच्या जवळपास जाणारं आहे, आणि ते मी आजही लपवत नाही. जे झालं त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही.

त्यांचा सर्वांत गाजलेला निकाल निवृत्तीच्या आधी काही महिने दिलेला, आणि तोही आमच्याच जिल्ह्यातला. करडीच्या बाजूला एका गावात मोठा तलाव आहे. त्याच्या पाळीखाली ढिवरांची अकरा घरं होती. तिथेच त्यांची जाळी वाळायची, डोंगे दुरुस्त व्हायचे, शिंगाडे उकडले जायचे. गावातल्या एका मोठ्या घराण्याने ती जागा आपली असल्याचं सांगितलं, एका उन्हाळ्यात घरं पाडली आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. अकरा घरांनी दावा लावला. खालच्या कोर्टात हरले, जिल्हा कोर्टात हरले. हायकोर्टात न्यायमूर्तींसमोर अपील उभं राहिलं तेव्हा दावा लावणाऱ्यांपैकी निम्मे लोक मरून गेले होते. न्यायमूर्तींनी खालचे दोन्ही निकाल फिरवले आणि जागेचा ताबा ढिवरांना द्यावा असा हुकूम केला. ज्याचं पोट पाण्यावर आहे त्याला उभं राहायला काठ लागतो, अशा अर्थाचं एक वाक्य त्या निकालात आहे. ते आमच्या सभागृहाच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. रंगाऱ्याच्या मागे उभी राहून मीच ते रंगवून घेतलं.

व्याख्यानमाला सुरू करायचं ठरलं तेव्हा मीटिंगमध्ये मी म्हटलं, नुसती भाषणं नकोत, त्या निकालातला पक्षकार दरवर्षी पहिल्या रांगेत बसला पाहिजे. त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला पाहिजे. निकाल म्हणजे शेवटी एक जिवंत माणूस असतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसू द्या. प्राचार्यांनी टेबलावर थाप मारून दाद दिली. मलाही आपली कल्पना फार आवडली होती. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवरच खूश होते, हे मला चांगलं आठवतं.

तो पक्षकार म्हणजे मावशी. त्या अशा सापडल्या. दाव्यातला पहिला वादी म्हणजे त्यांचा नवरा. अपील चालू असताना तो गेला आणि त्याच्या जागी वारस म्हणून यांचं नाव लागलं. अकरा घरांच्या वतीने कोर्टात जायचं काम तेव्हापासून यांच्याकडेच. अंगाने काटक, रंगाने काळ्या, बोलायला कमी. बाजारात मासोळ्या विकायच्या. पहिल्या वर्षी एसटीने आल्या त्या सकाळी आठला, कार्यक्रम अकराचा असताना. हातात एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात निकालाची नक्कल, आणि दुसऱ्या पिशवीत माझ्यासाठी उकडलेले शिंगाडे. सही त्या नीट करायच्या, एकेक अक्षर सुटं काढून.

आमचा कार्यक्रम कसा होतो ते इथे सांगायला हवं. मुलं-मुली त्या दिवशी काळा कोट आणि गळ्यात पांढरे बँड लावून दोन्ही बाजूंना उभी राहतात. पाहुणे न्यायमूर्ती आत येताना मी माइकवरून सगळ्यांना उभं राहायला सांगते. पाहुणे उंच मंचावर उंच पाठीच्या खुर्चीत बसतात. मग मी त्या अपिलाचा क्रमांक वाचते आणि मावशींचं नाव नवऱ्याच्या नावासकट पुकारते. त्या उठतात, हात जोडतात, मंचावर जातात. शाल मिळते, नारळ मिळतो आणि एक प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्रावर वर तराजूचं चित्र, खाली पाहुण्यांची सही, शेजारी कॉलेजचा गोल शिक्का. खाली उतरल्यावर टेबलावरच्या रजिस्टरमध्ये त्यांची सही घेतली जाते, कारण विद्यापीठाला उपस्थिती दाखवावी लागते. आणि निघताना मी त्यांचा हात धरून सांगते, मावशी, पुढच्या वर्षी याच आठवड्यात, विसरायचं नाही.

त्या कधीच विसरल्या नाहीत. दरवर्षी मंचावर शाल घेताना त्या पाहुण्यांच्या हातात एक अर्ज द्यायच्या. गावातल्या सेतू केंद्रात टाइप करून घेतलेला. हुकूम होऊनही जागा अजून मिळालेली नाही, तरी सायबांनी मिळवून द्यावी, एवढाच मजकूर. पाहुणे तो दोन्ही हातांनी घ्यायचे, फोटोग्राफर फोटो काढायचा, आणि पाहुणे तो अर्ज शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे द्यायचे. पहिल्या वर्षी मी तो वाचला आणि प्राचार्यांच्या पत्रासोबत जिल्हाधिकारी कार्यालयात पाठवला. उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षापासून अर्ज व्याख्यानमालेच्या फाइलला लागू लागले. म्हणजे जागा मिळालेली नाही हे मला ठाऊक होतं. नऊ वर्षं ठाऊक होतं. मी गृहीत धरलं की त्यांचा वकील बघत असेल. सरकारी कामं म्हटली की वेळ लागतोच, असं मनाशी म्हणून मी पाहुण्यांच्या जेवणाकडे वळायची.

कोरोनाच्या वर्षी व्याख्यानं ऑनलाइन झाली. मी घरून बोलत होते, पाहुणे नागपुरातून. मध्येच वॉचमनचा फोन आला की मासोळीवाली बाई गेटवर येऊन बसली आहे. एसटी धड सुरू नव्हती. करडीकडून कुणाच्या तरी धानाच्या ट्रॅक्टरवर बसून, मग पायी, अशा त्या आल्या होत्या. आज काही नाही म्हणून वॉचमनने सांगितलं तरी हलेनात. शेवटी त्याने एका कोऱ्या कागदावर त्यांची सही घेतली तेव्हा उठल्या. मी त्या प्रसंगावर वार्षिक अंकात लेख लिहिला. न्यायव्यवस्थेवरची सामान्य माणसाची अढळ श्रद्धा, असं काहीतरी. लोकांनी फोन करून कौतुक केलं. त्या बाईला परतीला कुठलं वाहन मिळालं असेल, कुठे जेवली असेल, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

दहाव्या वर्षी पाहुण्या म्हणून निवृत्त न्यायाधीश बाई आल्या होत्या. खालच्या कोर्टापासून पायऱ्या चढत वर गेलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मावशींचा अर्ज माझ्याकडे दिला नाही. मंचावर बसल्याबसल्या, आमचे प्राचार्य त्यांचा परिचय करून देत असताना, त्यांनी तो पूर्ण वाचला. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन विचारलं, यांची दरखास्त कुठल्या कोर्टात आहे?

दरखास्त म्हणजे हुकुमाची अंमलबजावणी करून द्या म्हणून मूळ कोर्टात लावायचं प्रकरण. जिंकलेल्या माणसाने ते स्वतः लावावं लागतं. हायकोर्टाने हुकूम केला म्हणजे कुणी आपोआप ताबा द्यायला येत नाही. मी म्हटलं, असेल भंडाऱ्यालाच, विचारून सांगते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सरळ मावशींकडे गेल्या. कागद दाखवता का, म्हणाल्या. मावशींनी आनंदाने पिशवी उघडली. निकालाची नक्कल वर होती. तिच्याखाली आमची प्रमाणपत्रं, नीट एकावर एक. कोरोनाच्या वर्षीचं मी पोस्टाने पाठवलं होतं, तेही.

"सगळ्या पेशीचे हायेत," मावशी म्हणाल्या. "एकबी चुकवली नाई."

पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. न्यायाधीश बाईंनी कप खाली ठेवला. त्यांना कळलं होतं आणि मलाही त्याच क्षणी कळलं. बाई हळू आवाजात एवढंच म्हणाल्या की मॅडम, निकालाची तारीख बघा, आजच बघा. मग त्या मंचावर गेल्या आणि तास-सव्वा तास बोलल्या. त्या काय बोलल्या यातलं मला अक्षरही आठवत नाही.

मी स्टाफरूममध्ये जाऊन नकलेवरची तारीख पाहिली. ताब्याच्या हुकुमाची अंमलबजावणी मागायला कायदा बारा वर्षं देतो. ती जूनमध्ये संपली होती. आदल्या डिसेंबरात, नवव्या वर्षी त्यांनी माझ्यासमोर अर्ज दिला तेव्हा, सहा महिने शिल्लक होते. आणि दरखास्तीला झालेला उशीर माफ करण्याची सोय कायद्यात नाही. बाकी बऱ्याच ठिकाणी आहे, इथे नाही. हे मी स्वतः फळ्यावर लिहिते. म्हणजे लिहायला हवं. अंमलबजावणीचं प्रकरण संहितेत सर्वांत लांबलचक आहे आणि सत्राच्या शेवटी येतं, तोवर परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. मुलांना मी दरवर्षी सांगते की हे घरी वाचून घ्या, यावर फार प्रश्न येत नाहीत.

आणि मी बेलिफाची मुलगी. माझे वडील तुमसरच्या कोर्टात बेलिफ होते. ताबा म्हणजे काय हे मला वयाच्या दहाव्या वर्षी माहीत होतं. वडील कोर्टाचं वॉरंट घेऊन सायकलवर जायचे, पंच गोळा करायचे, कुलूप तोडायचे, शेताच्या बांधावर उभे राहून चतुःसीमा वाचायचे. कधी मार खाऊनही यायचे. जेवताना आईला सांगायचे की निकाल लागला म्हणून लोक पेढे वाटतात आणि वर्षभर वॉरंट काढायला फिरकत नाहीत. हे ऐकत मी वाढले. आणि मावशींच्या अर्जांना मी वर्षानुवर्षं भोकं पाडून फाइलीचा दोरा ओवला.

दुसऱ्या दिवशी, मालेचं दुसरं व्याख्यान चालू असताना, मी कोर्टात गेले. मावशींचे जुने वकील निकालानंतर वर्षभरातच वारले होते. त्यांच्या फाइली ज्याच्याकडे गेल्या तो वकील माझाच विद्यार्थी. त्याने कपाटातून फाइल काढली. तिच्यात निकालापुढे एकही कागद नव्हता. तो म्हणाला, पक्षकार कधी आलाच नाही, मला वाटलं ताबा मिळून गेला असेल. पेपरात तर दरवर्षी तुमच्या कॉलेजातला फोटो येतो. मी विचारलं, काही मार्ग? त्याने मान हलवली. नवा दावा लावता येईल का यावर वाद घालता येईल, मॅडम, पण टिकणार नाही, आणि टिकला तरी अजून वीस वर्षं. मग, मला दुखवायचा त्याचा हेतू नव्हता तरी, म्हणाला की अंमलबजावणीचं प्रकरण तुम्ही आम्हाला घरी वाचायला सांगितलं होतं.

मी नागपुरात तिघांना विचारलं. ओळखीच्या एका मोठ्या वकिलांना निकाल पाठवला. सगळ्यांचं उत्तर एकच. जिल्हाधिकारी कार्यालयात गेले, पर्यायी जागा मिळते का म्हणून. तिथला अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, मॅडम, यांच्याकडे तर हायकोर्टाचा हुकूम आहे, तो बजावून घ्या ना, आम्ही कशाला मध्ये पडू. मी जिना उतरून खाली आले आणि गाडीत बसून रडले. वय झालेल्या बाईने कलेक्टर ऑफिससमोर गाडीत बसून रडणं बरं दिसत नाही, पण बसले.

प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी डोकं धरलं, आणि मग पहिला प्रश्न विचारला की हे पेपरवाल्यांना कळलंय का. मी त्यांच्यावर ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग ते शांतपणे म्हणाले की आपण कॉलेज आहोत, कोर्ट नाही, कुणाची दरखास्त लावणं हे आपलं काम नव्हे. ते बरोबर होतं. आपण कोर्ट नाही एवढंच एक वाक्य दहा वर्षांत कधीतरी मावशींना सांगायला हवं होतं.

जानेवारीत मी त्यांच्या गावी गेले. करडीपासून आत, धानाची कापलेली बांधी दोन्ही बाजूंना, पुढे तलावाची पाळ. पाळीखाली कुंपण होतं आणि कुंपणात मोठ्या घराण्याचं गोदाम उभं होतं, सिमेंटचं, पक्कं. मावशी आता मुलाकडे राहतात, रस्त्याच्या कडेला टिनाच्या दोन खोल्यांत. अकरा घरांतले बाकीचे असेच रस्त्याला लागून पसरलेले. आमच्या शाली एका दोरीवर घडी करून टांगल्या होत्या. एकही वापरलेली नव्हती.

त्यांनी मला खाटेवर बसवलं, चहा दिला. मी सांगायला सुरुवात केली. वर्गात साठ मुलांना जे दहा मिनिटांत समजावते ते त्या एका बाईला सांगायला मला तासभर लागला. माझीच भाषा मला सापडत नव्हती. मग त्यांनी उठून पिशवी आणली, प्रमाणपत्रं काढली आणि त्यातलं एक माझ्यासमोर धरलं.

"हे कोर्टाचे कागद नोहोत?"

मी नाही म्हटलं.

"जज सायबाची सही हाये न याच्यावर. शिक्का हाये."

मी सांगितलं की सही जजसाहेबांचीच आहे, पण ते त्या दिवशी पाहुणे म्हणून आले होते. मावशींनी तो कागद परत बाकीच्यांवर ठेवला. मग त्यांनी मला सावकाश, माझी समजूत घालावी तसं सांगितलं की भंडाऱ्याच्या कोर्टात आणि नागपूरच्या कोर्टात त्या वीस वर्षं गेल्या, तिथेही असंच व्हायचं. काळे कोटवाले उभे. साहेब वर बसलेले. नाव पुकारायचे, उठून हात जोडायचे, कागद द्यायचा, सही करायची आणि पुढची तारीख घेऊन घरी यायचं. साहेब काय बोलतात ते तिथेही कळत नव्हतं आणि आमच्या इथेही कळलं नाही. वकील त्यांना म्हणायचा की गैरहजर राहिलात तर दावा खारीज होईल. म्हणून त्या कोरोनातही आल्या. फरक एवढाच की आमच्या कोर्टात बसायला खुर्ची द्यायचे आणि शाल द्यायचे, तेव्हा त्यांना वाटलं की आता आपला नंबर जवळ आला असेल.

यात चुकीचं काय होतं ते मला सांगता येईना. मी सव्वीस वर्षं कायदा शिकवते आहे आणि आमच्या सभागृहात आणि कोर्टात एखाद्या पक्षकाराला दिसेल असा एकही फरक मला त्या खाटेवर बसून दाखवता आला नाही.

"मंग तुमी मले दरसाली कायले बोलवत होते, बाई?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, मुलांना तुम्ही दिसाव्यात म्हणून. हे शब्द तोंडातून बाहेर पडताना मला स्वतःची किळस आली. मी माफी मागितली. त्यांच्या पायाला हात लावायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

मग त्यांनी दाराकडे बघत विचारलं की ही गोष्ट कुणाला सांगितली का. मी म्हटलं, गावात कुणालाही नाही. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. दरवर्षी भंडाऱ्याहून परत आल्या की अकरा घरांतली माणसं यांच्या खोलीसमोर जमायची. काय झालं म्हणून विचारायची. या सांगायच्या, पेशी झाली, कागद दिला, पुढच्या साली बोलावलं. या घरांनी सगळा भार यांच्यावर टाकला होता. दोन घरांनी तर सरकारी घरकुलाची यादी आली तेव्हा नाव दिलं नाही, आपली जागा मिळणारच आहे म्हणून. मावशींनीच त्यांना तसं सांगितलं होतं.

"माह्या लोकायले आता काय सांगू मी? मी बुडवलं म्हनतीन."

मी म्हटलं, मी सांगते, सगळ्यांना बोलवा, चूक माझी आहे. त्यांनी नको म्हटलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा नको. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं. म्हणाल्या, "डिसेंबरात मले बोलावजा. नाई बोलावलं तं लोक विचारतीन काहून नाई गेली. मी जिती हावो तवरिक बोलावजा. मंग पुढचं पुढं."

मी वर्षभर या गोष्टीशी भांडले. वर्गात अंमलबजावणीचं प्रकरण सत्राच्या सुरुवातीला घेतलं, पूर्ण, एकेक नियम. मुलं वैतागली. घरी जेवताना कधीकधी घास हातातच राहायचा. प्राचार्यांना मी सांगितलं की सत्कार बंद करू. मग स्वतःच जाऊन सांगितलं की बंद नको. का बंद करायचा, असं त्यांनी विचारलं असतं तर मावशींचं गुपित न फोडता मला सांगता आलं नसतं. खरं बोलणं माझ्या हातात होतं तेव्हा मी गप्प होते. आता माझं तोंड उघडायला लागलं तर ती बाई आपल्याच माणसांत तोंडघशी पडणार होती. बाकीच्या दहा घरांच्या दारांवर जाऊन मी सांगू शकते, आजही. कित्येकदा गाडीची किल्ली हातात घेतली आहे.

या डिसेंबरात अकरावी व्याख्यानमाला झाली. पाहुणे आले, मुलं काळे कोट घालून उभी राहिली, मी सगळ्यांना उठायला सांगितलं. अपिलाचा क्रमांक वाचला. मावशींचं नाव पुकारलं. त्या उठल्या, हात जोडले, मंचावर आल्या. शाल घेतली, नारळ घेतला, प्रमाणपत्र घेतलं. अर्जही आणला होता. तो त्यांनी पाहुण्यांच्या हातात दिला, पाहुण्यांनी माझ्याकडे दिला. तेवढ्यात आमची नजरानजर झाली. त्यांनी डोळे खाली घेतले नाहीत, मीच घेतले. अर्ज उघडून पाहिला तर गेल्या वर्षीचाच मजकूर होता, फक्त साल बदललेलं.

यंदा त्यांच्यासोबत त्यांची सून आली होती. गुडघे दुखतात, एकट्यांना बस चढवत नाही, म्हणून. पंचविशी-तिशीची, चुणचुणीत बाई. सगळा वेळ मोबाइलवर फोटो काढत होती, गावातल्या ग्रुपवर टाकायला. निघताना मावशी रजिस्टरवर सही करत होत्या, एकेक अक्षर सुटं, आणि ती सून माझ्याजवळ आली. आत्या आता थकल्या, म्हणाली, पुढच्या वेळेपासून त्यांच्या जागी मीच येत जाईन, नाव बदलून घ्यायला काही अर्ज लागतो का? मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी सही पूर्ण केली आणि पेन टेबलावर ठेवलं.

सुनेने मोबाइल काढला आणि तारीख विचारली. मी सांगितली.